नळीची पारख

अमेरिकेतल्या जुन्या नेमबाजांत हॅरी पोप (1861–1950) या कारागिराचं नाव अदबीनं घेतलं जाई. लोक रायफल घेत विंचेस्टरची, बॅलार्डची किंवा स्टीव्हन्सची. नळी मात्र पोपकडून करवून घेत. त्याच्या नळीत आठ चर असत, पीळ डावीकडे वळणारा आणि तोंडाकडे येताना घट्ट होत जाणारा. 1906 साली त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि एप्रिलच्या भूकंपानं, पाठोपाठ लागलेल्या आगीनं ते गिळून टाकलं. पुढे जर्सी सिटीत त्यानं पुन्हा बस्तान बसवलं. नळीसाठी वेगळा कारागीर गाठायची रीत अमेरिकेत आजही टिकून आहे. टेक्सासमधली शिलेन, विस्कॉन्सिनमधल्या क्रीगर आणि बार्टलाइन, माँटानातली लिल्जा, जर्मनीतली लोथार वाल्थर ही या धंद्यातली आजची मातबर नावं.

कारखान्यातून आलेली मूळ नळी काढून अशी खास नळी बसवायची, तर पैसे नेमके कशाचे मोजायचे? चकाकीचे नाहीत आणि नावाचेही नाहीत. पैसे एकसारखेपणाचे. पहिली गोळी जशी बाहेर पडली तशीच विसावी पडली पाहिजे. नळीचं आतलं माप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं असेल, तरच ते घडतं.

आधी गोळी, मग पीळ

नळीच्या आत कोरलेले चर गोळीला स्वतःभोवती फिरवतात. .308 विंचेस्टरची गोळी सेकंदाला 2,700 फूट वेगानं, दहा इंचांत एक फेरा अशा पिळातून निघाली, तर ती मिनिटाला सुमारे 1,94,000 फेरे घेत असते. या फिरण्यामुळेच तिचं टोक पुढे राहतं. किती पीळ हवा, हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरतं. वुलिचमध्ये तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये त्याचा ठोकताळा मांडला. आज डॉन मिलर यांचं सूत्र अधिक वापरात आहे.

म्हणून कारागिराला फोन करण्याआधी गोळी ठरलेली हवी. .223 मध्ये 55 ग्रेनची आखूड गोळी बारा इंचांच्या पिळात सुखानं चालते, पण 77 ग्रेनच्या लांब गोळीला सात-आठ इंचांचा पीळ लागतो. 6.5 क्रीडमूरला आठ इंच हे रूढ माप. पीळ कमी पडला, तर गोळी डुलते आणि कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट भोक दिसतं. मग नळी कितीही महाग असो, उपयोग शून्य.

चर कसे पाडले?

चर पाडायच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिली कापण्याची. एकच धार नळीतून पुन्हा पुन्हा ओढली जाते आणि प्रत्येक फेरीत दोन-तीन मायक्रॉन धातू खरवडला जातो. चराची खोली साधारण 0.1 मिलिमीटर, म्हणजे सहा चरांसाठी दोनशेच्या वर फेऱ्या. वेळ भरपूर जातो, पण पोलादावर ताण फारसा येत नाही.

दुसरी बटणाची. टंगस्टन कार्बाइडचं कठीण बटण नळीतून एकदाच ओढतात किंवा ढकलतात. धातू कापला न जाता दाबला जातो. काम झटपट होतं आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पण धातूत ताण कोंडून राहतो. पावसाळ्यात कापलेली फळी उन्हाळ्यात जशी वाकते, तशी ही नळी पुढच्या कामात आतून माप सोडू शकते. चांगले कारागीर ती भट्टीत तापवून ताण काढतात. अशा नळीवर नंतर बाहेरून खोबणी पाडून घ्यायच्या असतील, तर आधी बनवणाऱ्यालाच विचारावं.

तिसरी घणाची. आत साचा ठेवून बाहेरून यांत्रिक घणांनी नळी ठोकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत पुढे आलेली ही पद्धत मोठ्या कारखान्यांना सोयीची. पहिल्या दोन्ही पद्धतींच्या नळ्यांनी अव्वल स्पर्धा जिंकल्या आहेत, त्यामुळे पद्धतीवरून वाद घालण्यापेक्षा नळी हातानं लॅप केलेली आहे का, हे विचारणं शहाणपणाचं.

लॅपिंग म्हणजे सळईच्या टोकावर नळीतच शिसं ओतून तिच्या मापाचा गोळा घडवायचा, त्याला घासणारी पूड आणि तेल लावायचं आणि तो मागंपुढं चालवायचा. कारागिराच्या हाताला कळतं, कुठं अडतंय, कुठं सैल पडतंय. गोळा टोकाशी उलटा फिरतो, म्हणून तिथलं माप किंचित फुगतं. जाणकार तोंडाकडचा इंचभर तुकडा कापूनच टाकतात. मागून पुढे येताना नळी अगदी किंचित घट्ट होत असेल तर चालतं. पुढे सैल होत असेल तर ती नाकारावी.

पोलाद, जाडी, लांबी

स्पर्धेच्या नळ्या बहुधा 416 आर या स्टेनलेस पोलादाच्या असतात. ते कापायला आणि लॅप करायला सोपं पडतं. क्रोम-मॉलिब्डेनमचं 4140 पोलादही तितकंच अचूक असू शकतं, मात्र त्याला गंजापासून जपावं लागतं.

नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. व्यास दहा टक्के वाढवला की ताठपणा जवळपास दीडपट होतो. वजन मात्र एकवीस टक्क्यांनीच वाढतं. लांबी वाढली की वेग थोडा वाढतो, पण नळी लवचीक होते. बाकावर टेकवून मारणाऱ्याला जाड नळी लाभते. रायफल खांद्यावर घेऊन चढण चढणाऱ्यानं वजनाचा विचार आधी करावा.

नळी झिजते, हेही हिशेबात धरावं. जळत्या दारूची झळ चेंबरपुढच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेपुढच्या, चरांची सुरुवात खाऊन टाकते. .308 ची नळी चांगल्या अचूकतेनं पाच हजार गोळ्या सहज देते, 6.5 क्रीडमूरची दोन ते तीन हजार. वेगवान 6 मिलिमीटरच्या काही काडतुसांत हजार-दीड हजारांत काम आटोपतं.

बसवणारा हात

उत्तम नळी वाईट बसवली, तर पैसे पाण्यात. चेंबर आणि नळीचा अक्ष एक हवा, तोंडाची कड चारही बाजूंनी सारखी हवी, कारण गोळी सुटताना मागचा वायू तिथूनच निसटतो. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजनं तपासल्याशिवाय गोळी मारू नये. ही बाब अचूकतेइतकीच सुरक्षिततेची. आणि निकाल तीन गोळ्यांवर लावू नये. तीन छिद्रं योगायोगानंही जवळ पडतात; दहा-वीस गोळ्यांचा पुंजका खरं सांगतो.

आपल्याकडे हा शौक असा मोकळा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे भागही शस्त्रांतच मोडतात, आणि आयातीला परवाना लागतो. 2010 साली म्युनिकमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा पॅरिस ऑलिम्पिकचा कांस्यपदक विजेता स्वप्नील कुसाळे ज्या खेळात चमकले, त्या पन्नास मीटर रायफलीत .22 ची काडतुसं वापरतात आणि दहाचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं. या खेळात नळी बदलण्यापेक्षा नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट शोधण्यावर भर असतो. त्यासाठी ब्रिटनमध्ये ईली आणि जर्मनीत लापुआ या काडतूस कंपन्यांची चाचणी केंद्रं आहेत. रायफल शिकंज्यात धरून एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट मारून पाहतात. एका नळीचा लाडका लॉट दुसरीला रुचेलच असं नाही.

ज्याला खरोखर नळी मागवायची आहे, त्यानं आधी खेळ आणि गोळी ठरवावी, मग पीळ, मग जाडी-लांबी, मग बसवणारा कारागीर. नळीवरचं नाव सर्वांत शेवटी. अव्वल घराण्यांतला फरक अनेकदा एकाच घराण्याच्या दोन नळ्यांतल्या फरकाहून कमी असतो. त्यामुळे दोन नावांवर मन अडलंच, तर हंगामाआधी जो नळी हातात देईल त्याच्याकडे मागणी नोंदवावी, आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घ्यावीत.