पखवाजाला हवी कणीक!

ओळख पाहू! असं कुठलं वाद्य आहे, जे वाजवायला बसण्याआधी कणीक मळावी लागते?

हो, हो, तीच कणीक! पोळ्यांची! परातीत मळतात ना, तीच. खोटं वाटतंय? मग आज स्वयंपाकघरातून लिंबाएवढा गोळा मागून घे. पुढे लागणार आहे आपल्याला.

उत्तर सांगू? पखवाज! वारकरी त्याला मृदंगही म्हणतात.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, पखवाज बघायला लांब जावं लागत नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की मंदिरासमोर मांडव पडतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन! दही, लाह्या... तोंडाला पाणी सुटलं ना?

पण थांब. ‘अखंड’ म्हणजे किती अखंड? सात दिवस, सात रात्री! गुणाकार कर बरं. २४ गुणिले ७. झाले १६८ तास! एवढा सगळा वेळ तिथं नामस्मरण चालू असतं. भर मध्यरात्रीसुद्धा!

मग माणसं झोपतात कधी? पाळी लावून! त्याला म्हणतात ‘पहारा’. आपला पहारा संपला की दुसरे टाळकरी उभे राहतात. आणि वीणा? ती तर सात दिवस जमिनीवर टेकवायचीच नाही! एका विणेकऱ्याच्या गळ्यातून निघते, ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणसं बदलतात, वीणा उभीच!

आपल्या भागातला सगळ्यात नावाजलेला सप्ताह म्हणजे सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा. हे बेट गोदावरीच्या पात्रात आहे, श्रीरामपूर तालुक्याला लागून. दर वर्षी श्रावणात हा सप्ताह वेगळ्या गावी भरतो. २०२४ साली त्याचं १७७ वं वर्ष होतं! म्हणजे तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनीही कदाचित त्यात टाळ धरला असेल. तिथं आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. गावोगावच्या घरांत चुली पेटतात आणि भाकऱ्यांचे ढीग येतात.

वारकऱ्यांशी आपल्या जिल्ह्याचं नातं तर फारच जुनं. प्रवरेच्या काठी नेवासं आहे ना? तिथंच ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. साल १२९०! ते ज्या खांबाला टेकून बसत असं सांगतात, तो ‘पैस खांब’ आजही तिथं बघता येतो. आणि त्यांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ? त्यांची पालखी दर वर्षी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते, ती आपल्या नगरवरून, मिरजगाव-कर्जतवरून पुढे जाते. पालखीबरोबरच्या दिंड्यांत पखवाजवाले चालता चालता वाजवतात. पखवाज गळ्यात, पाय रस्त्यावर, हात तालात!

चल, आता त्या पखवाजाजवळ अगदी खेटून बसू.

बघ, मधे लाकडाचं पोकळ खोड आहे. दोन्ही तोंडांवर चामडं ताणलंय. त्या चामड्याच्या झाकणाला ‘पुडी’ म्हणतात. दोन्ही पुड्या चामड्याच्या लांब पट्ट्यांनी, म्हणजे वाद्यांनी, एकमेकींशी आवळल्यात. वाद्यांखाली लाकडाचे गट्टे खोवलेत. हातोडीनं गट्टा ठोकला, की वादी ताणते. वादी ताणली, की पुडी ताणते. पुडी ताणली, की आवाज चढतो!

उजव्या पुडीच्या मधोमध काळा गोल आहे. ती ‘शाई’. आणि डाव्या पुडीवर? काहीच नाही!

आता मृदंगाचार्यांकडे, म्हणजे पखवाज वाजवणाऱ्यांकडे, बघ. त्यांनी पिशवीतून कणकेचा गोळा काढला. थोडं पाणी लावलं. डाव्या पुडीच्या मधोमध थापला. अंगठ्यानं कडा दाबल्या. एक थाप मारली. मान हलवली. अंहं, जमलं नाही! चिमूटभर कणीक काढली. पुन्हा थाप. ‘घुम्म्म!’ आता कसं! तो आवाज कानात कमी आणि पोटात जास्त घुमतो. जाणवलंय ना तुला कधी?

कणकेनं असं केलं तरी काय?

आवाज म्हणजे थरथर. पुडी भराभर थरथरली, तर आवाज बारीक. सावकाश थरथरली, तर आवाज जाड. आता पुडीवर ओझं ठेवलं तर? ती बिचारी भराभर हलणार कशी? ती सावकाश हलते आणि आवाज खाली, खोल उतरतो. बास! एवढीच जादू!

करून बघायचंय? काढ तो लिंबाएवढा गोळा! एक रिकामा पत्र्याचा डबा घे. फुग्याचं तोंड कापून टाक आणि उरलेलं रबर डब्यावर घट्ट ताणून बांध. टिचकी मार. ‘टंग!’ आता कणकेची छोटीशी चकती मधोमध चिकटव. पुन्हा टिचकी. ऐकलंस? आवाज उतरला! चकती थोडी मोठी कर. आणखी उतरला! फार मोठी केलीस तर मात्र नुसतं ‘थप्प’ होईल. म्हणून तर मृदंगाचार्य चिमूट चिमूट काढून बघतात.

एक अडचण आहे पण. कणीक वाळते! वाळली की हलकी होते, कडक होते, आवाज बिघडतो. म्हणून प्रत्येक वेळी ताजी कणीक. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची आणि पुडी पुसून ठेवायची. सात दिवसांच्या सप्ताहात किती वेळा कणीक मळत असतील, विचार कर! चुलीपुढं भाकऱ्या थापणाऱ्या मावशी आणि मांडवात कणीक थापणारे मृदंगाचार्य, दोघांचेही हात पिठाचे!

मग उजव्या बाजूची शाई कशासाठी? ती तर कायमची चिकटलेली. ती लोखंडाच्या भुकटीची आणि खळीची बनवतात. एक पातळ थर द्यायचा, दगडानं घोटायचा. वर दुसरा थर, पुन्हा घोटायचा. असे थरावर थर! घोटता घोटता शाईत केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. त्या चुकून पडत नाहीत हं! मुद्दाम पाडतात. भेगा नसत्या, तर शाई दगडासारखी ताठ बसली असती आणि पुडी मोकळी हललीच नसती.

आणि आता सगळ्यात मोठी गंमत ऐक!

चामडं थरथरतं तेव्हा एकाच पद्धतीनं थरथरत नाही. एकाच वेळी बऱ्याच पद्धतींनी थरथरतं आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. शाई नसलेल्या साध्या चामड्याचं गणित बघ. समज, त्याची मुख्य थरथर सेकंदाला १०० वेळा होते. मग बाकीच्या होतात साधारण १५९, २१४, २३० वेळा. कशाचा कशाला मेळ आहे का? जो तो आपलंच ओरडतोय! शाळेच्या मधल्या सुट्टीत असतो ना, तसला गोंगाट! आवाज मोठा, पण त्यात सूर सापडत नाही.

शाई लावली की काय होतं माहीत आहे? त्या थरथरींची रांग लागते! १००, २००, ३००, ४००, ५००. जवळपास शंभराचा पाढाच! घंटा झाली, सगळी मुलं ओळीत उभी राहिली आणि एका सुरात प्रार्थना सुरू झाली! म्हणून पखवाजाच्या उजव्या तोंडातून नुसता धबधब आवाज येत नाही, चक्क सूर येतो. कीर्तनकार बुवांच्या सुराला तो जुळवता येतो.

शाईमागचं हे गणित कोणी शोधलं? सी. व्ही. रामन यांनी! हो, तेच, ज्यांना १९३० साली प्रकाशावरच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्या आधी, कोलकात्यात असताना, ते वाद्यांच्या मागे लागले होते. १९२० साली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं ‘नेचर’ नावाच्या जगप्रसिद्ध नियतकालिकात आपल्या मृदंग-तबल्यावर लेख लिहिला. पुढे तर त्यांनी पुडीवर बारीक वाळू भुरभुरून ती वाजवली! वाळू नाचली आणि जिथं पुडी हलत नव्हती, तिथं गोळा झाली. चामड्यावर सुंदर रेघा उमटल्या. न दिसणारी थरथर डोळ्यांना दिसली!

तुझ्या डब्यावरही होईल हे. कणीक काढ, रबर पुसून घे. त्यावर चिमूटभर रवा टाक. तोंड जवळ ने आणि मोठ्यानं ‘ऊऽऽऽ’ म्हण. फुंकर मारायची नाही हं! रवा टुणटुण उड्या मारू लागेल. आवाज चढव, उतरव. काही सुरांना रवा जोरात नाचेल, काहींना ढिम्म हलणार नाही. कुठल्या सुराला जास्त नाचतो, ते शोध बरं!

मला कौतुक वाटतं ते शाई लावणाऱ्या पहिल्या कारागिरांचं. त्यांच्याकडे ना सेकंद मोजायचं यंत्र, ना आकडे. होते फक्त कान आणि बोटं. तरी शाई कुठं लावायची, किती जाड लावायची, हे त्यांनी बरोब्बर शोधलं. रामन यांनाही त्याचं फार नवल वाटलं होतं.

आषाढातल्या दिंडीत मात्र या पखवाजाची परीक्षाच असते. पाऊस! चामड्याला ओल लागली की ते सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून सर आली की पखवाजवाले आधी पखवाज झाकतात आणि मग स्वतःचं डोकं. हलगीवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते वाजवण्याआधी पालापाचोळा पेटवून हलगी शेकतात. ओल गेली, चामडं ताणलं, की हलगी ‘कडकडकड’ बोलायला लागते!

आता टाळ. टाळ दोरीला धरूनच का वाजवतात? स्टीलची वाटी उपडी कर आणि बोटाच्या टोकावर तोल. चमच्यानं हळूच वाजव. ‘टिंऽऽऽग!’ आता तीच वाटी मुठीत धरून वाजव. ‘टक्!’ हातानं थरथर अडवली, आवाज मेला! दोरीला धरलं की धातू मोकळा थरथरतो, म्हणून टाळ किणकिणत राहतो.

पुढच्या सप्ताहात एक काम कर. कीर्तनाला जरा लवकर जा आणि मृदंगाचार्यांच्या डाव्या हाताला जागा पकड. नमस्कार करून विचार, “काका, कणीक मी लावू का?” बहुतेक ते हसतील आणि गोळा तुझ्या हातावर ठेवतील. मग नीट ऐक. उजव्या हाताचा ‘ता’, डाव्या हाताचा ‘घे’, आणि दोन्ही एकदम पडले की ‘धा’! त्या ‘धा’मध्ये तुझी कणीक पण वाजत असेल!