शालेय वर्षाची अखेर

संक्रांत सरली की माध्यमिक शाळेचे रूप पालटू लागते. स्नेहसंमेलनाचा मंडप उतरलेला असतो, क्रीडास्पर्धांत मिळालेल्या ढाली मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊन बसलेल्या असतात, आणि दहावीच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात परीक्षेस उरलेले दिवस कोणीतरी खडूने लिहू लागते. तो आकडा रोज सकाळी पुसला जातो आणि एकाने कमी होऊन पुन्हा उमटतो. एरवी घंटा होताच पटांगणाकडे धाव घेणारी मुले मधल्या सुट्टीतही दोघे-दोघे मिळून कडुनिंबाच्या सावलीत भूमितीची प्रमेये घोकीत बसतात. प्रयोगवहीवर सही राहिली म्हणून कोणी शिक्षकांच्या खोलीबाहेर तिष्ठत असतो, तर तोंडी परीक्षेच्या नुसत्या आठवणीने कोणाचे तोंड कोरडे पडलेले असते.

पाचवीपासून नववीपर्यंतच्या वर्गांची वार्षिक परीक्षा शाळा स्वतःच एप्रिल महिन्यात घेते, आणि तिचा निकाल बहुतेक शाळांत १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर, हाती पडतो. दहावीचे तसे नाही. तिची परीक्षा राज्याचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. पूर्वी हीच परीक्षा मॅट्रिक्युलेशन ह्या नावाने मुंबई विद्यापीठ घेत असे. प्रश्नपत्रिका बाहेरून येतात, उत्तरपत्रिका बाहेरच तपासल्या जातात, आणि शंभरांपैकी ३५ गुण म्हणजे उत्तीर्ण, हा नियम सर्वांस सारखाच लागू असतो. मुंबईच्या मुलापुढे येते तीच प्रश्नपत्रिका मेळघाटातील मुलीपुढे येते. ह्या समानतेचा अभिमान बाळगावा अशीच ती आहे. परंतु ती परीक्षागृहाच्या दारापासून सुरू होते. दाराबाहेर एका मुलापाशी स्वतंत्र खोली, दिवा आणि शंका विचारावयास वडीलबंधू असतो. दुसऱ्यापाशी एका खोलीचे घर, त्यात सहा माणसे आणि संध्याकाळचे गुरांचे दूध असते. वर्षअखेरीस शाळा विद्यार्थ्यांस जे साहाय्य करते त्याचे खरे कारण हे आहे.

गरीब विद्यार्थ्यास साहाय्य करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात शिकावयास येणारी मुले माधुकरी मागत, किंवा वार लावून जेवत. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा आठवडा निघे. ह्या सोयीने पुष्कळांचे शिक्षण झाले. मात्र तिचा लाभ बहुधा एकाच जातीच्या मुलांस होई, हेही सांगितलेच पाहिजे. ती उणीव भरून काढण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास भेट दिली आणि त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही त्याच कामी आले. दिवा, पुस्तक आणि शिक्षक ह्यांच्याही आधी भाकरी लागते, हे त्या माउलीने कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथावाचून ओळखले होते.

आज शासन पुष्कळ गोष्टी पुरविते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क मिळाला. मोफत पाठ्यपुस्तके, दुपारचे शिजविलेले अन्न हे सर्व मुलांस आठवीपर्यंत मिळते. आठवी संपली की कायद्याचे छत्र मिटते, आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी मंडळाची परीक्षा येते. ज्या मुलास काल शाळेत खिचडी मिळत होती तो आज नववीत गेला म्हणून त्याची भूक काही कमी होत नाही. ही दोन वर्षे म्हणजे माध्यमिक शाळेच्या कर्तव्याची खरी कसोटी होय.

पुस्तकांची अडचण पुस्तकपेढीने पुष्कळशी भागते. दहावीची मुले शेवटचा पेपर देऊन आपली पुस्तके शाळेत आणून देतात. शाळा ती शिवून, पुठ्ठा लावून, वरच्या वर्गात येणाऱ्या गरजू मुलांस देते. अभ्यासक्रम बदलला की मात्र पेढीतील सारी पुस्तके एका दिवसात रद्दी होतात. अशा वर्षी शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून नवे संच आणल्याची उदाहरणे अनेक गावी आढळतात.

अभ्यासिकेचे काम ह्याहून अवघड. शाळेच्या दोन खोल्या रात्री उघड्या ठेवावयाच्या, पाळीपाळीने एका शिक्षकाने तेथे बसावयाचे, आणि ज्यास जे अडेल ते समजावून द्यावयाचे, अशी ही योजना असते. ऐकण्यास ती सोपी वाटते. परंतु खेड्यातील शाळेत चार-पाच वाड्यांची मुले येतात आणि त्यांची शेवटची एस. टी. साडेपाचलाच निघून जाते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींस एस. टी.चा मोफत पास मिळतो. परंतु गाडीच निघून गेली असेल तर पास काय करील? म्हणून कित्येक शाळा मुलींचा जादा तास सकाळी घेतात, आणि रात्रीची अभ्यासिका गावातल्या मुलांपुरती ठेवतात. काही गावांत वाडीवरच कोणाच्या तरी ओसरीवर पाच-सहा मुलींस एकत्र बसवून शिक्षिका आठवड्यातून दोनदा तेथे जातात. जाणता शिक्षक रात्री दहानंतर अभ्यासिकेचा दिवा मालवितो. वाचलेले मनात मुरावयास झोप लागते. चहा पिऊन पहाटेपर्यंत जागलेल्या मुलास प्रश्नपत्रिका पाहताच सारे विसरल्यासारखे वाटते, हा अनुभव नित्याचा आहे.

बीड जिल्ह्यात व त्याच्या आसपासच्या तालुक्यांत ह्या साऱ्याहून कठीण प्रसंग येतो. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती कारखान्यांचे गाळप संपल्यावर परततात. नेमकी परीक्षा ह्या मुदतीत येते. दहावीचा मुलगा आजीपाशी राहतो, किंवा धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करीत दहावीची मुलगी एकटी घर सांभाळते. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत. परंतु ती मुख्यत्वे आठवीपर्यंतच्या मुलांकरिता आहेत. म्हणून तेथील शाळांत वर्गशिक्षकाचे एक काम वाढते: हजेरीत दोन दिवस खाडा दिसला की तिसऱ्या दिवशी त्याने घर गाठावे. मूल कोयत्याबरोबर फडावर गेले तर मार्चमध्ये ते परीक्षेस परत येईलच असे नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. परीक्षा संपते आणि लग्नसराई येते. दहावीच्या बहुतेक मुली पंधरा-सोळा वर्षांच्या असतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी मुलीचा विवाह करणे हा गुन्हा आहे, आणि गावात तो रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. १०९८ ह्या क्रमांकावर कोणासही, मुलीसही, कळविता येते. तरीही पेपर देत असतानाच घरी बैठक झालेल्या मुली असतात. त्या कोणास सांगत नाहीत; मैत्रिणींच्या वहीत मात्र निरोप लिहितात. अशा वहीकडे लक्ष असलेली एखादी शिक्षिका शाळेत असणे हे कोणत्याही फलकाहून अधिक उपयोगाचे ठरते.

निरोपसमारंभ, त्यातील भाषणे, शाळेस दिलेले भिंतीवरचे घड्याळ हे सर्व तुम्ही पाहिलेच आहे. परीक्षेच्या पहिल्या दिवशी शिक्षक केंद्रावर मुलांच्या आधी पोहोचतात, प्रवेशपत्र विसरलेल्यास धीर देतात. अंध किंवा हाताने अधू असलेल्या विद्यार्थ्यास लेखनिक आणि अधिक वेळ मिळतो. परंतु त्याची मंजुरी आधीच घ्यावी लागते, आणि ते काम शाळेने विसरून चालत नाही.

वर्षअखेरीची एक वाईट चालही येथे नोंदविली पाहिजे. दहावीचा निकाल उजळ दिसावा म्हणून काही शाळा नववीतच कच्च्या मुलांस अडवितात, किंवा त्यांस सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसण्याचा सल्ला देतात. हा अर्ज ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी आहे. शाळेत येऊ इच्छिणाऱ्या मुलास शाळेबाहेर काढण्यासाठी तो वापरणे म्हणजे रुग्ण दगावू नयेत म्हणून त्यांस रुग्णालयातच न घेण्यासारखे आहे. अशा शाळेचा शंभर टक्के निकाल किती मुलांचा आहे, हे पालकांनी विचारावे.

निकाल लागला की शाळेत पेढे येतात आणि फळ्यावर पहिल्या पाच जणांची नावे झळकतात. त्या दिवशी जे येत नाहीत त्यांच्याकडे जाणे अधिक अगत्याचे असते. पूर्वी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे, आणि तेवढ्या अवधीत तो शेतावर किंवा शहरातील एखाद्या दुकानात लागून जाई. २०१५ पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होऊ लागली, त्यामुळे त्याचे वर्ष वाचू शकते. एक-दोन विषय राहिलेल्यांस अकरावीत प्रवेश घेण्याचीही सोय आहे. ह्या गोष्टी ज्यांस ठाऊक असावयास हव्यात त्यांच्याच घरी बहुधा त्या ठाऊक नसतात. पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत थोडी असते. जूनच्या पहिल्या पावसात, नव्या वर्षाची पुस्तके यावयाच्या आधी, शाळेचा लिपिक शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसतो. ज्यांचे दाखले कोणी नेले नाहीत त्यांची नावे एका कागदावर उतरवितो, आणि तो कागद घेऊन वर्गशिक्षक सायकल काढतात.