दुपारचं का रातचं?

उंब्रजमध्ये पहिल्यांदा जेवणाची चौकशी केली ती पंक्चर काढणाऱ्या एका पोराकडं. "इथं जेवायला चांगलं कुठं मिळंल?" चाकावरची नजर न काढता त्यानं मलाच विचारलं, "दुपारचं का रातचं?" तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्या प्रश्नाचा अर्थ नीट कळायला मला पुढं चार-पाच खेपा कराव्या लागल्या.

पुणे-बंगळूर महामार्गावरून सुसाट जाणाऱ्याला कराडच्या सतरा-अठरा किलोमीटर अलीकडं नुसती छपरं दिसतात. सर्व्हिस रोडला उतरलं, की हा नाका किती दिशांचा आहे ते ध्यानात येतं. एकीकडं चाफळ आणि मल्हारपेठ-पाटणचा रस्ता, दुसरीकडं कृष्णेपलीकडं मसूर. तारळी इथंच कृष्णेला मिळते. तिच्या काठानं वर गेलं की पालचा खंडोबा. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तर गावातच आहे. बाजाराला आलेले शेतकरी, कॉलेजची पोरं, देवाला निघालेली कुटुंबं, ट्रकवाले, सगळे इथं उतरतात, पण एका वेळी नाही. खाण्याची ठिकाणंही तशीच आपापल्या वेळेची.

सकाळी साडेसातला स्टँडजवळच्या गाड्यावर वडा कढईतून निघतो तेव्हा पहिल्या एसट्या लागत असतात. वड्याचं आवरण कडक, आतला बटाटा ओलसर, हिरवी मिरची जिभेला जाणवेल एवढी. दहानंतर तिथलाच वडा खाल्ला आणि वाईट वाटलं. गाड्याचं नाव विचारून कुणी दुपारी गेला तर मला खोटं ठरवील.

दुपारची खानावळ एका गल्लीत आहे. बोर्ड असा नाहीच. पत्र्याची शेड, चार बाकडी आणि आतून येणारा थापण्याचा आवाज. मी त्या आवाजामागंच गेलो. आता कुठल्याही गावात खानावळ शोधताना मी आधी कान देतो. भाकरी थापल्याचा आवाज येत असला तर ती ताटात गरम पडणार, आणि भाकरी गरम तर कालवणही बहुतेक आजचंच.

"बसा की पाव्हणं. कोरड्यास काय देऊ? वांगं हाय, मटकी हाय."

"मावशी, आधी इथंच उभा राहून बघू का?"

त्या हसल्या आणि हात चालूच ठेवला. शाळूचं पीठ परातीत घेऊन त्यांनी चिमूटभर बोटांत चोळलं. "चार दिसांचं हाय, विरी गेली," म्हणाल्या आणि गार पाण्याऐवजी उकळतं पाणी ओतलं. ताज्या पिठाला चिकटपणा असतो, जुन्याला तो गरम पाण्यानं आणावा लागतो. मग तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून मळणं. उंडा हातात फिरवून परातीत ठेवला आणि बोटांच्या नुसत्या ठोक्यांनी भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत गेली. पिठाची बाजू वर येईल अशी ती तव्यावर पडली, ओल्या हातानं पाणी फिरवलं, ते सुकतंय न सुकतंय तोच उलटली. शेवटी तव्यावरून काढून जाळापाशी उभी केली तेव्हा एका कडेनं फुगा धरला आणि पापुद्रा सुटला. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही घड्याळाकडं किंवा जाळाकडं मुद्दाम पाहिलं नाही. नजर सगळी वरच्या पाण्यावर, ते कधी सुकतं तेवढंच.

वांग्यातला तिखटपणा घरच्या चटणीचा होता. या भागात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षभराचा कुटून ठेवायचा. विकतच्या मसाल्याचं कालवण पहिल्या घासाला झणझणतं आणि तिथंच संपतं. घरच्या चटणीतला भाजलेला कांदा नि खोबरं मागून जाणवत राहतं.

रातचं जेवण म्हणजे ढाब्यावरचा अख्खा मसूर. इस्लामपूर-कराड पट्ट्यात हा रोटीबरोबर मिळतो, आणि चांगला कुठला ते दाण्यावरून ओळखावं. दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि रोटीनं दाबला की मेण झाला पाहिजे. गरगट झालेला मसूर मी परत करत नाही, पण त्या ढाब्यावर परत जातही नाही. मला आवडलेल्या ठिकाणी नऊच्या आधी गेलं तर रस्सा पातळ असतो. दहाच्या सुमाराला ट्रकवाल्यांची गर्दी होते, तोवर भांडं चुलीवर आटत आलेलं असतं.

शनिवारी मात्र दिवस उलटा. मटणाच्या खानावळीत चूल थंड, आणि मारुतीला आलेल्यांमुळं शाकाहारी ठिकाणी बाकडं मिळत नाही. पौषात पालच्या यात्रेला तर मावशींच्या परातीला उसंत नसते, असं त्यांनीच सांगितलं.

मागच्या खेपेला मला चाफळहून यायला उशीर झाला. साडेतीन वाजून गेले होते. गल्लीत थापण्याचा आवाज नव्हता, तवा पालथा घातलेला. परत फिरणार तोच आतून हाक आली, "सकाळची हाय, चालंल का?"

त्यांनी भाकरी कुस्करली, वर ताक ओतलं, मीठ टाकलं आणि कडेला चटणीचा गोळा ठेवला. मी बाकड्यावर बसलो. समोर त्या शाळू निवडायला बसल्या, उद्याच्या दळणाचा.