एका इंजेक्शनची वेळ

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट चालू आहे. आवाज अगदी हळू. "ताई, आज घरी सत्यनारायण आहे, पाहुणे जमलेत. रात्री आठचं इंजेक्शन उद्या सकाळी घेतलं तर चालेल का हो? बीज वाढवायचं दुपारीच घेतलंय, हे दुसरं आहे."

हे 'दुसरं'च बऱ्याच जणींना किरकोळ वाटतं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं देऊन एरवीच्या एका ऐवजी बरीच स्त्रीबीजं एकदम वाढवतात. त्यामुळे इस्ट्रोजेन चढतं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी समजते, बीज तयार झालं! ती एलएच हे हार्मोन सोडते आणि डॉक्टर काढायच्या आधीच बीजं सुटून जातात. इतक्या दिवसांच्या सुया, उसनवारीचे पैसे, सगळं पाण्यात. या ग्रंथीला रोखून धरायला सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स देतात. ०.२५ मिलिग्रॅम, रोज, पोटावर कातडीखाली.

ते पहिल्या दिवसापासून का नाही? तेव्हा सहसा गरजच नसते. काही डॉक्टर ठरवून पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू करतात, तर काही सोनोग्राफीत सगळ्यात मोठी बीजपिशवी १२ ते १४ मिलिमीटरची झाली की. म्हणून शेजारणीला सहाव्या दिवशी दिलं आणि मला सातव्या, यावरून भांडू नये. जुन्या पद्धतीत आधीच्या पाळीच्या २१व्या दिवसापासूनच दुसऱ्या प्रकारची इंजेक्शनं असत. ती अजूनही काही जणींना देतात.

१९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, तेव्हा असं रोखणारं औषधच नव्हतं. डॉक्टर आईची लघवी पुन्हा पुन्हा तपासून एलएच कधी वाढतं यावर नजर ठेवून होते, आणि त्यावरून ऑपरेशनची वेळ ठरली.

एकदा सुरू केलं की शेवटच्या, बीज पिकवायच्या इंजेक्शनपर्यंत खाडा नाही. गॅनिरेलिक्सच्या दोन सुयांमध्ये ३० तासांहून जास्त अंतर नको. रात्री आठचं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला म्हणजे झाले ३६! चुकलंच तर आपल्या मनाने दोन घेऊ नका, रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

त्या मुलीला म्हटलं, आरती होऊ दे, तू आत जा. तिने सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, "घेतलं. बाथरूममध्ये."