भोकाच्या फ्लॉप्या

साल १९९६. बीडच्या सुभाष रोडजवळच्या गल्लीतलं डीटीपी सेंटर. मी तिथे ऑपरेटर.

सकाळी ९
उदबत्ती लावली आणि कीबोर्डआधी हँड ड्रिल हातात घेतलं. मालकांनी औरंगाबादहून डबल डेन्सिटी फ्लॉप्यांचा गठ्ठा स्वस्तात आणलाय. एकीत ७२० केबी मावतात, हाय डेन्सिटीत १.४४ एमबी. आकार तोच, दोन्हींच्या प्रत्येक बाजूला ट्रॅकही ८०च. फक्त एका ट्रॅकवर ९ ऐवजी १८ सेक्टर. ड्राइव्ह दोघींना ओळखतो तो राइट-प्रोटेक्टच्या समोरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी भोकावरून. डबल डेन्सिटीत तिथे भोक नाही ना? मग पाडायचं!

हाय डेन्सिटी फ्लॉपी वर ठेवून तिच्या भोकातून पेनाने खूण करतो. आतली तबकडी गोल, भोक कोपऱ्यात, त्यामुळे तिला ड्रिल लागत नाही. भीती प्लास्टिकच्या किसाची. एक कण आत गेला की तबकडीवर ओरखडा. काहीजण सोल्डरिंग आयर्नने भोक वितळवतात. मग कड फुगते आणि फ्लॉपी ड्राइव्हमध्येच अडकून बसते.

१०
फॉरमॅट. बऱ्याचशा चांगल्या निघतात, काहींत बॅड सेक्टर. ‘ट्रॅक झीरो बॅड’ आलं की सरळ कचऱ्यात. भोक पाडून तबकडीवरचा लेप काही बदलत नाही. साडेतीन इंचीत दोन्ही लेपांच्या चुंबकीय ताकदीत फरक थोडा, म्हणून ही चोरी खपते; जुन्या सव्वापाच इंचीत तो ३०० विरुद्ध ६०० ओर्स्टेड, तिथे काही चालत नाही. आतले ट्रॅक आखूड, त्यांवर बिट्सची दाटी, म्हणून रड तिकडूनच सुरू होते.

भोकाशिवायही जागा वाढते म्हणा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५च्या फ्लॉप्यांत ट्रॅकवर २१ सेक्टर बसवून १.६८ एमबी कोंबले. पण ते हाय डेन्सिटीवर, कारखान्यात.

११ ते १
लग्नपत्रिका, श्रीलिपीचे मराठी फाँट, बटर पेपरवर प्रिंट. मुलाच्या मामाचं नाव राहिलं म्हणून पुन्हा बटर प्रिंट.

१
लाईट गेली. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात. त्याचा उपयोग चर्चेपुरता. डबा खाल्ला.

३
कॉलेजचा एक पोरगा घामाघूम होऊन आला. ‘दादा, प्रोजेक्ट होता ओ यात. आता कॉम्प्युटर फॉरमॅट करू का म्हणून विचारायलंय.’ फ्लॉपी पाहिली. घरीच भोक पाडलेलं, तेही भरलेल्या फ्लॉपीला! आत लिहिलेलं डबल डेन्सिटीत, ड्राइव्ह वाचतोय हाय डेन्सिटी समजून. भोकावर चिकटपट्टी लावली, डायरेक्टरी दिसली, फायली हार्ड डिस्कवर उतरवल्या. पोराला कोण आनंद! पैसे घेतले नाहीत. मालक चहाला गेले होते.

५
एका पुढाऱ्याचं रंगीत पोस्टर. छपाईच्या पॉझिटिव्ह फिल्म औरंगाबादलाच निघतात. स्कॅन केलेल्या फोटोमुळे पेजमेकरची फाईल एका फ्लॉपीत मावेना, म्हणून एआरजे या फाईल दाबणाऱ्या प्रोग्रामने तुकडे केले. तुकड्यांची गंमत अशी, की एक मेला तर पुढचे निरुपयोगी. मालक म्हणाले, ‘भोकाच्याच दे, परत थोड्याच येणारेत!’ दिल्या, पण प्रत्येक तुकड्याच्या दोन-दोन प्रती. एका रात्रीच्या प्रवासाला या फ्लॉप्या पुरतात. वर्षभर जपायच्या मजकुराला मी त्या लावणार नाही.

६
बसस्टँड. गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ करत औरंगाबादला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं. बोनेटवर ठेवू नका, हे दोनदा सांगितलं. तिथला ताप फ्लॉपीला सोसत नाही.

८
शटर ओढण्याआधी उरलेल्या भोकाच्या फ्लॉप्यांवर लाल पेनाने ‘फक्त ने-आण’ लिहिलं. मालक म्हणाले, ‘गिऱ्हाइकाला दिसंल की रे.’ म्हटलं, दिसू द्या.