अंगाच्या मापाची सायकल

दुकानातील सर्वांत लहान सायकल निवडली, तरी हँडल गाठताना खांदे अवघडतात. मनगटांना मुंग्या येतात. हळू वेगात वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासते. कमी उंचीच्या सायकलस्वारांना, विशेषतः स्त्रियांना, हा अनुभव नवा नाही. दुकानदार सीट वर-खाली करून देतो, हँडलचा स्टेम आखूड घालून देतो, फार तर सीट थोडी पुढे सरकवतो. चौकट मात्र त्याला बदलता येत नाही, आणि बहुतेक वेळा दुखण्याचे मूळ चौकटीतच असते.

रोज दोन-चार किलोमीटर जाणाऱ्याला हा दोष सोसता येतो. मात्र पुणे, मुंबई येथून निघणाऱ्या 'ब्रेव्हे' या लांब पल्ल्याच्या उपक्रमांत भाग घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असते. १८९१ साली प्रथम झालेल्या आणि आता चार वर्षांतून एकदा होणाऱ्या 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस'मध्ये सुमारे १२०० किलोमीटरसाठी कमाल मुदत ९० तासांची आहे. इतका वेळ सीटवर काढायचा, तर एक-दोन सेंटिमीटरचा फरकही गुडघ्यांना आणि पाठीला जाणवतो. अशा वेळी एक जुनाच मार्ग पुन्हा आठवतो. तो म्हणजे कारागिराकडून स्वतःच्या मापाची चौकट बनवून घेणे.

परंपरा जुनीच

युरोपात ही पद्धत एके काळी सर्रास होती. पॅरिसजवळच्या लेव्हालवा-पेरे येथे १९३८ साली सुरू झालेली अ‍ॅलेक्स सिंगर यांची कार्यशाळा, किंवा त्याच काळातील रेने एर्स यांची कार्यशाळा, ग्राहकाचे माप घेऊन चौकटीपासून मडगार्ड-कॅरिअरपर्यंत सारी सायकल एकसंध घडवीत असे. एडी मर्क्स याने १९७२ साली मेक्सिको सिटी येथे तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तो एर्नेस्तो कोल्नागो यांनी खास त्याच्यासाठी बनवलेल्या सायकलीवर. जपानमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या 'केरिन' शर्यतींत आजही शर्यतपटूच्या मापाने हाताने जोडलेल्या पोलादी चौकटी वापरल्या जातात.

पुढे अ‍ॅल्युमिनिअम आणि कार्बनच्या चौकटी साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागल्या. साचा महाग असल्याने कंपन्या मोजकीच मापे काढतात. मधल्या उंचीच्या माणसाला ती ठीक बसतात. दोन्ही टोकांना असलेल्यांची मात्र अडचण होते.

लहान चौकट नेमकी कोठे फसवते?

पाच फूट उंचीच्या एखाद्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. तिला सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर कमी हवे. ते कमी करायचे, तर आडवी दांडी आखूड करावी लागते. पण दांडी आखूड केली की पुढचे चाक पायाजवळ येते आणि बूट चाकाला लागू लागतो. यातून वाट काढण्यासाठी अनेक कंपन्या सीटची नळी अधिक उभी करतात. तिचा जमिनीशी असलेला कोन ७३ अंशांऐवजी ७५ अंश ठेवला की कागदावर दांडीची लांबी कमी दिसते आणि पुढचे चाकही जागच्या जागी राहते.

गोम अशी की, नळी उभी केल्याने सीटही पुढे येते. सीटची उंची ६२ सेंटिमीटर असेल, तर दोन अंशांच्या फरकाने ती सुमारे दोन सेंटिमीटर पुढे सरकते. गुडघा आणि पायडल यांचा मेळ त्यामुळे बिघडतो. तो साधण्यासाठी सीट पुन्हा मागे ओढावी लागते, आणि वाचवलेले दोन सेंटिमीटर परत जातात. म्हणजे तक्त्यात सायकल लहान झाली, शरीराला मात्र ती तेवढीच लांब राहिली.

यावरचा खरा उपाय लहान चाकाचा. प्रचलित '७००-सी' रिमचा टायर बसतो तेथील व्यास ६२२ मिलिमीटर, तर '६५०-बी' रिमचा ५८४ मिलिमीटर असतो. टायरची जाडी तीच ठेवली, तर चाकाची कड बुटापासून सुमारे १९ मिलिमीटर दूर जाते आणि दांडी खऱ्या अर्थाने आखूड करता येते. अमेरिकेतील यंत्र अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली स्त्रियांसाठी सायकली बनवण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांनी पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान ठेवले होते. त्या सायकली विचित्र दिसतात, असे म्हणणारे होते. पण त्यामागे याच अडचणीचे उत्तर होते.

मापे आणि आराखडा

चांगला कारागीर प्रथम माणसाचे ऐकून घेतो. किती अंतर, कोणते रस्ते, सामान किती, जुने दुखणे कोणते, आणि सध्याच्या सायकलीवर नेमके काय खुपते, हे त्याला हवे असते. त्यानंतर उंची, पायाची आतील लांबी, धड, हात, खांद्यांची रुंदी आणि पाऊल यांची मापे घेतली जातात. पायाच्या आतील लांबीला ०.८८३ ने गुणले की मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते. ७० सेंटिमीटरच्या पायाला ती सुमारे ६२ येते. अर्थात सूत्र ही केवळ सुरुवात असते. मांडीचे स्नायू किती लवचीक आहेत, पाठ किती वाकते, हे सूत्राला कळत नाही. म्हणूनच अनेक कारागीर ग्राहकाला सर्व बाजूंनी सरकवता येणाऱ्या सायकलवजा सांगाड्यावर बसवून पाहतात.

यानंतर आराखडा तयार होतो. त्यात सीटची उंची आणि हँडलची जागा यांच्याइतकाच पुढच्या फोर्कचा विचार महत्त्वाचा. हेडच्या नळीची रेषा जमिनीला जेथे भेटते आणि टायर जमिनीला जेथे टेकतो, यांतील अंतराला 'ट्रेल' म्हणतात. चाकाची त्रिज्या ३३५ मिलिमीटर, हेडचा कोन ७३ अंश आणि फोर्कचा पुढचा बाक ४५ मिलिमीटर असेल, तर ट्रेल सुमारे ५५ मिलिमीटर येतो. बाक ६५ केला की तो ३५ पर्यंत उतरतो. पुढच्या बॅगेत सामान ठेवणारे सायकलस्वार अनेकदा कमी ट्रेल पसंत करतात. चाक लहान केले तरी ट्रेल घटतो. त्यामुळे लहान चाक ठरले, की फोर्कही नव्याने बेतावा लागतो.

नळी एकदा कापली की परतीची वाट नसते. म्हणूनच आराखड्यावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक अंक समजून घेणे ग्राहकाच्याच हिताचे ठरते.

नळ्या आणि जोड

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोडाजवळ ताण अधिक, मध्ये कमी. त्यामुळे वजन वाचते आणि बळ राहते. १९३५ साली आलेली त्यांची '५३१' ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी अनेक दशके दर्जाचे मानक मानली गेली. १९१९ साली मिलान येथे स्थापन झालेली कोलंबस ही तिची इटालियन स्पर्धक. टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर जाडी, हे अशा नळ्यांचे परिचित माप आहे.

महाग पोलाद अधिक ताठ असते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखा असतो. महाग मिश्रधातूचे बळ अधिक असते, म्हणून नळी पातळ करता येते. ताठपणा हवा असेल, तर व्यास वाढवावा लागतो. जाडी तीच ठेवून व्यास २५.४ वरून २८.६ मिलिमीटर केला, तर वजन सुमारे १३ टक्क्यांनी वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध ४० टक्क्यांहून अधिक वाढतो. पंचेचाळीस किलो वजनाच्या स्वाराला जाड, रुंद नळ्यांची चौकट दगडासारखी लागते, तर नव्वद किलोच्या स्वाराखाली बारीक नळ्या हेलकावे खातात. वजनानुसार नळी निवडणे हा बेतून घेतलेल्या चौकटीचा, मापाखालोखालचा मोठा लाभ होय.

जोडण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत नळ्यांची तोंडे 'लग' नावाच्या पोलादी कोंदणात बसवून चांदीमिश्रित किंवा पितळी डाख दिला जातो. चांदीचा डाख सुमारे ६५० अंश सेल्सिअसला वाहतो, पितळेला सुमारे ९०० अंश लागतात. दुसऱ्या पद्धतीत कोंदणाविना पितळ भरून सांधा घासून गुळगुळीत करतात. तिसरी पद्धत म्हणजे 'टिग' वेल्डिंग. तयार लगांचे कोन ठरलेले असल्याने अगदी लहान चौकटीसाठी उरलेल्या दोन पद्धती सोयीच्या ठरतात. काम कसलेल्या हाताचे असेल, तर तिन्ही सांधे सारखेच टिकतात. फरक राहतो तो रूपाचा, वेळेचा आणि पैशांचा.

सुटे भाग आधी, चौकट नंतर

नवखा ग्राहक चौकट सांगून मोकळा होतो आणि 'भाग नंतर पाहू' म्हणतो. येथेच महागडी चूक घडते. टायर २८ मिलिमीटरचा की ४२ चा, यावर मागच्या दोन नळ्यांमधील अंतर ठरते. डिस्क ब्रेक घ्यायचे तर फोर्कच्या नळ्या जाड लागतात, मागच्या धुरीची रुंदी बहुधा १४२ मिलिमीटर होते. रिम ब्रेकच्या रस्त्यावरील सायकलीला ती १३० असते. बिनतारी इलेक्ट्रॉनिक गिअर हवे असतील, तर केबल अडकवण्याच्या कड्या लागत नाहीत. पण उद्या मन बदलले, तर त्या नव्याने डाखाव्या लागतील आणि रंग पुन्हा द्यावा लागेल. मडगार्ड, कॅरिअर, पाण्याच्या बाटल्या, रात्रीच्या प्रवासासाठी पुढच्या हबमधील डायनामो आणि त्याची वायर, या साऱ्यांच्या जागा भट्टी पेटण्यापूर्वीच सांगाव्या लागतात.

क्रँक हा असाच दुर्लक्षित भाग. बाजारात १७० मिलिमीटरचा क्रँक सर्रास मिळतो, परंतु आखूड पायांच्या स्वाराचा गुडघा त्याने गरजेपेक्षा अधिक दुमडतो. १६५ किंवा १६० चा क्रँक घेतल्यास तो त्रास कमी होतो. मधल्या धुरीसाठी ६८ मिलिमीटरची, आट्यांची जुनी इंग्लिश पद्धत निवडणे शहाणपणाचे. तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि ती कुरकुरतही नाही.

गिअरचा हिशेबही सोपा आहे. पुढे ३९ आणि मागे २५ दात असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे, तर ताशी १२ किलोमीटर वेग राखावा लागतो. सिंहगडाच्या चढावर हौशी स्वाराला तो झेपणे कठीण. पुढे ३४ आणि मागेही ३४ घेतले, तर त्याच फेऱ्यांत ताशी पावणेआठ किलोमीटरनेही चढता येते. शर्यतपटूंचे गिअर पाहून निवड करण्यापेक्षा आपला घाट पाहून केलेली निवड गुडघे वाचवते.

चाकांच्या बाबतीत ३२ तारांचे, हाताने विणलेले चाक खड्ड्यांच्या रस्त्यांवर भरवशाचे ठरते. एखादी तार तुटली, तरी ते बहुधा घरापर्यंत आणते.

व्यवहाराची बाजू

केवळ चौकटीच्या पैशांत दुकानातील चांगली सायकल पूर्ण येऊ शकते. परदेशातून मागवल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क निराळे. शिवाय नामांकित कारागिरांकडे अनेक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ थांबावे लागते. हा व्यवसायही नाजूक आहे. इंग्लंडमध्ये डर्बी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या मर्सियन या नामवंत कार्यशाळेचे काम २०२४ साली थांबले. त्याच वर्षी नवे मालक पुढे आल्याने ती वाचली. तेव्हा इसार किती, उरलेली रक्कम कोणत्या टप्प्यावर, काम लांबले वा मोडले तर काय, सांध्यांची हमी किती वर्षांची, हे सारे लेखी असणे आवश्यक.

चौकट हाती आल्यावर तिची मापे आराखड्याशी पडताळावीत. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा आहे का, हे पाहावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत पोलाद आतून गंजते. त्यासाठी नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फिरवून घ्यावे आणि तळाशी पाणी निथळण्याचे छिद्र आहे, याची खात्री करावी.

दुकानातील सायकल ज्याला नीट बसते, त्याला या खटाटोपाची गरज नाही. स्टेम, सीट आणि क्रँक बदलून काम भागत असेल, तर प्रथम तेच करावे. पण वर्षानुवर्षे दुखरे खांदे घेऊन 'सायकल आपल्याला मानवत नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत दोष शरीराचा नसतो, मापाचा असतो. पोलादी चौकट जपली तर कित्येक दशके टिकते, मोडली तर पुन्हा डाखता येते. मापाचा हिशेब एकदा नीट मांडला, की तो आयुष्यभर पुरतो.