झाकलेली बाटली आणि खोडदची दुर्बीण

मंचरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. भाच्याने परदेशातून येताना सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली आणली. घरात इकडची एक होतीच. चार मित्रांनी दोन्ही चाखल्या. तिघांनी परदेशीचं तोंडभर कौतुक केलं, चौथा म्हणाला, मला तर दोन्ही सारख्याच लागल्या. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. वाचकाचा प्रश्न असा, की फरक खरंच असतो की नुसता किमतीचा?

फरक असतो. पण चौथ्या मित्राचं म्हणणं आधी ऐकून घ्यायला हवं, कारण त्या टेबलावर बाटल्या उघड्या होत्या. डोळ्यांना उत्तर आधीच मिळालेलं असलं की नाक त्याला फक्त दुजोरा देतं.

२००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन हुंगायला दिली, मग तीच वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली. रंगवलेल्या पेल्याचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनला लावतात ते सगळे शब्द वापरले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली, तर महागडी जास्त आवडलीच. शिवाय मेंदूच्या ज्या भागात सुखाची नोंद होते तोही जास्त उजळला. म्हणजे ती माणसं बढाई मारत नव्हती. त्यांना ती खरोखरच जास्त छान लागली. आपल्या नारायणगावात १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फेसाळती वाइन काढली तेव्हा तिची पद्धत फ्रान्सची होती, परदेशात पाठवायच्या बाटलीवर नाव होतं ओमर खय्याम. लेबलाची ताकद त्यांनी कुठल्याही प्रयोगाशिवाय ओळखली होती.

या भानगडीवरचा उपाय चहाच्या टेबलावर सापडला. इंग्लंडमधल्या रोदमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात म्युरिअल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ होत्या. त्यांचं म्हणणं, दूध आधी ओतलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ तिथेच कामाला. त्यांनी आठ कप मांडले, चार असे आणि चार तसे, क्रम उलटसुलट. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये एक. बाईंनी आठही ओळखले असं सांगतात. फिशर यांनी १९३५च्या आपल्या ग्रंथात प्रयोगाची आखणी कशी करावी हे याच उदाहरणावरून शिकवलं, आणि आज नवी औषधं तपासतानाही त्यातलंच तत्त्व वापरतात.

त्या ग्रंथात ब्रिस्टलबाईंचं नावही नाही, आहे ती फक्त ‘एक महिला’. पुढे तीन पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत त्या ‘चहा चाखणारी बाई’ म्हणूनच वावरल्या. त्या शेवाळांच्या अभ्यासक होत्या, मातीत राहणाऱ्या शैवालांवर त्यांचं काम होतं, ‘म्युरिएला’ नावाची शैवालांची एक प्रजाती त्यांच्या नावावरून ओळखली जाते. प्रयोगातला हुशार माणूस फिशर हे कबूल, पण एवढं सूक्ष्म निरीक्षण करून वर त्याची परीक्षा द्यायला तयार होणारं माणूस नसतं, तर फिशर यांनी कोणाला बसवलं असतं?

मद्याच्या धंद्याने हे तंत्र लगेच उचललं. १९४०च्या दशकात अमेरिकेत सीग्रॅम या व्हिस्की कंपनीत आणि डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत तीन पेल्यांची चाचणी रूढ झाली. दोन पेल्यांत एकच पेय, तिसऱ्यात दुसरं; वेगळा कुठला ते सांगायचं. चांगलं-वाईट, महाग-स्वस्त काही विचारायचं नाही.

मंचरच्या मंडळींना हे घरी सहज जमेल. पेले स्टीलचे घ्या, म्हणजे रंग दिसणार नाही. ओतणाऱ्याने दुसऱ्या खोलीत ओतावं आणि ओतून झाल्यावर समोर थांबू नये. त्याचा चेहराच उत्तर सांगून टाकतो. पेल्यांना एक-दोन-तीन असे आकडे देऊ नका, पहिल्या नंबराकडे माणसाचा ओढा असतो. प्रयोगशाळेत ४२७, ८१५ असे तीन आकडी क्रमांक देतात. तीव्रता सारखी करायला विसरू नका. इकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते, स्कॉच बहुधा ४० ची. तेवढ्यावरूनही वेगळा पेला ओळखता येतो. स्कॉटलंडचे मिश्रणतज्ज्ञ नमुना पाणी घालून २० टक्क्यांवर आणतात आणि मग हुंगतात. हुंगतात, पीत नाहीत. त्यांचं बहुतेक काम नाकावर चालतं, तोंडात घेतलंच तर थुंकतात. चमचाभर पुरतो.

सहा फेऱ्या करा, दोन-तीन संध्याकाळी वाटून. नुसत्या नशिबाने सहापैकी पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे शंभरात दोनही नाही. तेव्हा पाच आले तर फरक कळतो असं धरायला हरकत नाही. चार आले तर गप्प बसा. चार किंवा जास्त बरोबर येणं शंभरात दहा वेळा नशिबानेही होतं.

पाणी घातल्याने व्हिस्की खुलते, हे विज्ञानाने सिद्ध केलं अशी बातमी २०१७ मध्ये गाजली होती. स्वीडनच्या दोन संशोधकांचं ते काम. धुराचा वास देणारा ग्वायाकोल ५९ टक्क्यांच्या मिश्रणात अल्कोहोलच्या गराड्यात आतच अडकतो आणि ४५ टक्क्यांपर्यंत सायीसारखा वर येऊन बसतो, असं त्यांना दिसलं. दिसलं ते संगणकावर. पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकोल, एवढंच त्यात होतं. कुणी काही हुंगलं नव्हतं. शिवाय बाटलीतली व्हिस्की बहुतेक वेळा मुळात ४५ टक्क्यांच्या खाली आणूनच विकतात. तेव्हा या शोधाचा हवाला देत पेल्यात मोजून दोन थेंब टाकणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आता पेल्यात फरक कसला असतो ते पाहू. ओकच्या पिंपातून व्हॅनिलाचा वास देणारा व्हॅनिलिन येतो, खोबऱ्याच्या वासाचा लॅक्टोन येतो, लवंगेतला युजेनॉलही येतो. यीस्ट केळ्याच्या आणि सफरचंदाच्या वासाचे एस्टर बनवतं. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुक्काम सक्तीचा आहे. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांपैकी बऱ्याच जणींचा पाया वेगळा. गळिताच्या हंगामात विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या बाजूने गेलेल्यांना मळीचा वास ठाऊक असतो. अशा मळीपासून अल्कोहोल काढतात, ते पुन:पुन्हा ऊर्ध्वपातन करून ९६ टक्क्यांचं, जवळजवळ बिनवासाचं करतात आणि त्यात थोडा माल्ट, कॅरॅमलचा रंग आणि पाणी मिसळतात. युरोपच्या कायद्यात याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्य आणि पिंप दोन्ही लागतं. माझं मत असं, की सिंगल माल्ट आणि ही, यांतला फरक बहुतेकांना झाकूनही कळेल. पण अशाच दोन स्वस्त बाटल्यांची तुलना म्हणजे फार तर दोन मसाल्यांची तुलना. बंगळूरचं अमृत आणि गोव्याचं पॉल जॉन हे बार्लीचे माल्ट मात्र कुणाही स्कॉचशेजारी झाकून ठेवावेत असे.

मळीचं अल्कोहोल बिनवासाचं करताना जे काढून टाकतात त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड असतो. हिरव्या सफरचंदासारखा वास, उत्कलनबिंदू जेमतेम २० अंश, त्यामुळे भट्टीतून तो सगळ्यात आधी बाहेर पडतो. जे थेंबही घेत नाहीत त्यांनाही तो ओळखीचा आहे. ताज्या दह्याच्या वासात मोठा वाटा त्याचाच. प्यायलेल्या अल्कोहोलचं यकृत आधी हेच करतं, आणि मद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाचा आरोप याच रेणूवर आहे. म्हणून वर थुंकण्याचं सांगितलं ते गंमत म्हणून नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, हेही सांगून टाकतो.

हाच रेणू जुन्नर तालुक्यातून एकदा फार लांबवर पाहिला गेला. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तारांच्या जाळीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. जयराम चेंगलूर आणि निस्सीम काणेकर यांनी ती धनू राशीतल्या, आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका प्रचंड मेघाकडे वळवली आणि १०६५ मेगाहर्ट्झवर अ‍ॅसिटाल्डिहाइडचा संदेश टिपला. अंतर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं. तिथले बरेचसे गुंतागुंतीचे सेंद्रिय रेणू एका छोट्या तप्त गाभ्यात दाटलेले असतात. हा मात्र मेघात दूरवर पसरलेला निघाला. २००३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अशा निरीक्षणात मधूनमधून दुर्बीण एखाद्या ठाऊक तेजाच्या स्रोताकडे फिरवून यंत्राची खात्री करून घ्यावी लागते. 

त्याच मेघात अल्कोहोलही आहे, १९७५ मध्येच सापडलेलं. २००९ मध्ये तिथे इथिल फॉर्मेट मिळाला तेव्हा ‘आकाशगंगेला रमचा वास’ अशा बातम्या जगभर छापून आल्या. तो रेणू रममध्ये असतो हे खरं, पण एका रेणूची रम होत नाही, आणि तो मेघ आपल्या हवेपेक्षा अतोनात विरळ आहे. तिथे नाक नेलं तरी काही येणार नाही.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, शाळांची मुलं प्रयोग मांडतात, तबकड्या जवळून पाहता येतात. मंचरहून फार लांब नाही. गेलात तर तिथल्या शास्त्रज्ञांना १०६५ मेगाहर्ट्झबद्दल जरूर विचारा.